पाऊस लागला की वायफाय तुटतं: गोव्यातल्या घरांसाठी तपासणीचा क्रम

ही पोस्ट घरी फायबरचं कनेक्शन असलेल्यांसाठी आहे. खांबावरून आलेली बारीक काळी वायर, भिंतीवर किंवा टीव्हीखाली ठेवलेला ओएनटी (फायबरमधला प्रकाश घेऊन घराला नेट देणारा कंपनीचा डबा), काही घरांत त्याच डब्यात वायफाय, काही घरांत शेजारी वेगळा राउटर, आणि त्यांचे अडॅप्टर, एवढाच पसारा. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. याच चार महिन्यांत ‘नेट सारखं जातंय’ ही तक्रार पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकू येते.

तक्रार एकच असली तरी बिघाड चार ठिकाणी असू शकतो: विजेत, फायबरमध्ये, घरातल्या वायफायमध्ये, किंवा कंपनीच्या जाळ्यात. राउटर बंद करून चालू केला की यातले बरेचसे बिघाड तात्पुरते दबतात, आणि म्हणूनच ते दर पावसाळ्यात परत येतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं: बग नेमका कधी आणि कुठे येतो हे कळल्याशिवाय दुरुस्ती करायला घेतली तर ती दुरुस्ती नसते. घरच्या नेटलाही तोच नियम लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते वेळेसकट लिहून ठेवा.

लक्षणं

खालीलपैकी तुमच्याकडे काय होतं ते आधी ठरवा.

- ओएनटीवरचा एलओएस नावाचा दिवा लाल होतो किंवा लाल लुकलुकतो.
- सगळे दिवे एकदम विझतात आणि पुन्हा पेटतात. त्याच क्षणी पंख्याचा वेग किंवा ट्यूबलाइटही हलते.
- दिवे सगळे हिरवे, फोनवर वायफायच्या पट्ट्या पूर्ण, तरी ‘इंटरनेट नाही’ असा निरोप.
- हॉलमध्ये छान चालतं, आतल्या खोलीत तुटतं. उन्हाळ्यात हाच त्रास कमी असतो.
- मालिका विनाअडथळा चालते, पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो.
- पाऊस असो-नसो, रात्री ८ ते ११ मध्येच मंद होतं.
- प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण वेग ९५च्या वर कधीच जात नाही.
- फक्त एकाच फोनवर किंवा लॅपटॉपवर त्रास, बाकी सगळे ठीक.

मालिका चालते पण मीटिंग तुटते, हे ऐकून घरात वाद होतात, कारण टीव्हीपुढे बसलेल्यांना नेट गेल्याचं कळतच नाही. दोन्ही बाजू खरं बोलत असतात. चित्रपट किंवा मालिका दाखवणारं ॲप पुढचे कित्येक सेकंद आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे पाच-दहा सेकंदांचा खंड त्यात विरघळून जातो. व्हिडिओ कॉलला अशी शिल्लक ठेवता येत नाही. अर्ध्या सेकंदाचा खंडही तिथे ऐकू येतो. म्हणून ‘टीव्ही चालतोय म्हणजे नेट ठीक आहे’ हा पुरावा धरू नका.

फुकटातली पहिली तपासणी: हात लावण्याआधी दिवे पाहा

नेट गेलं की पहिला हात स्विचकडे जातो. तो आवरा. आधी फोनने ओएनटी आणि राउटरच्या दिव्यांचा फोटो काढा. बंद-चालू केल्यावर सगळे दिवे नव्याने पेटतात आणि बिघाडाच्या क्षणी काय चाललं होतं ते कायमचं पुसलं जातं. फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते, हा आणखी एक फायदा.

पॉन हा दिवा स्थिर हिरवा असेल तर प्रकाश घरापर्यंत पोचतो आहे आणि कंपनीच्या यंत्राशी ओएनटीची ओळख झाली आहे. पॉन लुकलुकत असेल तर प्रकाश येतो आहे, पण ओळख पूर्ण होत नाही. एलओएस लाल असेल तर प्रकाशच पोचत नाही किंवा फारच क्षीण पोचतो. अशा वेळी वायफायच्या सेटिंगमध्ये काहीही करून उपयोग नाही. पॉन स्थिर पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असेल, तर लॉगिन तुटलं आहे किंवा अडचण कंपनीच्या बाजूला आहे.

मग शेजारी विचारा, पण त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याला. फायबर खांबावर किंवा वाड्यावरच्या (वस्तीतल्या) डब्यात फुटतो. एकाच धाग्यावरून साधारण ३२ किंवा ६४ घरांना जोडणी जाते. शेजाऱ्यांचंही गेलं असेल तर बिघाड तुमच्या उंबऱ्याबाहेर आहे. तक्रार नोंदवा आणि घरातलं काहीही हलवू नका.

तीन पिंग

हीही फुकट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाणारी तपासणी. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा. लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायच्या (कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनलच्या) तीन खिडक्या उघडा आणि तिन्हींत पिंग चालू ठेवा. विंडोजमध्ये शेवटी ‘-t’ जोडलं की ते तुम्ही थांबवेपर्यंत चालतं. मॅक आणि लिनक्सवर ते तसंच चालू राहतं.

पहिलं पिंग तुमच्या राउटरला, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरं १.१.१.१ किंवा ८.८.८.८ या पत्त्याला. तिसरं एखाद्या वेबसाइटला, तिच्या नावाने.

पहिलंच तुटत असेल किंवा २-३ मिलिसेकंदांवरून २००-३०० वर उड्या मारत असेल, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये आहे, म्हणजे वायफाय किंवा वायर. कंपनीला फोन करून काही होणार नाही. पहिलं स्थिर आणि दुसरं तुटतंय, तर दोष ओएनटीपासून पुढे. पहिली दोन्ही चालतात पण तिसरं नावच ओळखत नाही, तर डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न आहे. राउटरमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाकलं की हा त्रास पाच मिनिटांत सुटतो.

हे एकदा लॅपटॉप वायरने राउटरला जोडून करा आणि एकदा वायफायवर. वायरने तासभर स्वच्छ चालतंय आणि वायफायवर तुटतंय, तर फायबर आणि कंपनी दोन्ही सुटले. पुढचा ‘वीज’ आणि ‘फायबर’ हा भाग सोडून सरळ चिऱ्याच्या भिंतींवर या.

वीज आणि अडॅप्टर

पावसाळ्यात लाइट जाते हे नवीन नाही. नवीन असतं ते एवढंच, की अर्ध्या सेकंदासाठी वीज गेली तरी ओएनटी बंद पडायला तेवढं पुरतं. तो पुन्हा सुरू होऊन, प्रकाश ओळखून, लॉगिन करून, राउटरला पत्ता देईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. पंखा जेमतेम क्षणभर मंदावतो आणि मीटिंग मात्र तीन मिनिटं जाते.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल असा स्विच असतो का पाहा. तो नॉर्मलवर असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर जायला त्याला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर बंद पडतो. यूपीएसवर टाका. याला पैसे लागत नाहीत.

इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस घ्या, साधारण १२०० ते २००० रुपयांत मिळतो. घेताना दोन गोष्टी बघा. एक, तुमच्या ओएनटीच्या तळाशी लिहिलेला व्होल्टेज आणि अँपियर, उदाहरणार्थ १२ व्होल्ट १.५ अँपियर. यूपीएसचा अँपियर तेवढा किंवा जास्त हवा. दोन, ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन पिना असलेला घ्या. फक्त राउटरला यूपीएस लावून ओएनटी तसाच सोडला तर वायफाय दिसतं आणि नेट नसतं. ही चूक फार घरांत दिसते. जाहिरातीतल्या मिलिअँपियर आकड्याला भुलू नका: ८८०० मिलिअँपियर-तास हा ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा असतो, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. दोन्ही डबे मिळून १२ वॉट खात असतील तर प्रत्यक्षात दोन तासांच्या आसपास टिकेल.

आता अडॅप्टर. वर्षानुवर्षं चोवीस तास चालणाऱ्या अडॅप्टरमधले कपॅसिटर सुकतात. मग तो रिकामा असताना १२ व्होल्ट दाखवतो, पण भार पडला की खाली घसरतो. याचं लक्षण ठरलेलं आहे: राउटर एरवी चालतो आणि बरेच जण एकदम वापरू लागले की स्वतःच रीस्टार्ट होतो. चवथीला घर भरलं, वीसेक फोन जोडले गेले आणि राउटर दर अर्ध्या तासाने बंद पडू लागला, तर आधी अडॅप्टरवर संशय घ्या. त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपियरचा, त्याच मापाची पिन असलेला दुसरा लावून दिवसभर पाहा. बऱ्याच राउटरची पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटरची आणि आत धन असते, तरी लेबलवरचं चिन्ह जुळवूनच घ्या. २००-४०० रुपयांत बिघाड मिटतो आणि तीन हजारांचा नवा राउटर वाचतो.

अडॅप्टर उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धक्का बसेल एवढा भार राहू शकतो. फुगला असेल, जळका वास येत असेल, हाताला चटका बसत असेल, तर फेकून द्या.

सॉकेटही पाहा, मेन स्विच बंद करून. पावसाळ्यात मुंग्या कोरडी उबदार जागा शोधतात आणि स्विचबोर्ड व अडॅप्टर दोन्ही त्यांना आवडतात. सैल सॉकेटमध्ये चर्र आवाज येत असेल तर ते काम वायरमनचं.

वायर आणि टोकं

९५ एमबीपीएसवर अडकलेला वेग हे जवळजवळ नेहमी वायरीचं लक्षण असतं. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली किंवा टोकाला गंज चढला की अनेकदा दोन्ही यंत्रं आपसात १०० एमबीपीएसवर तडजोड करतात, कारण त्याला चार तारा पुरतात. काही तुटल्याची कुठेच सूचना येत नाही. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्याचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता टाकला की उघडतं ते) किंवा लॅपटॉपच्या नेटवर्क माहितीत लिंकचा वेग १००० आहे की १०० ते पाहा. (काही जुन्या राउटरचे पोर्ट मुळातच १००चे असतात, ते आधी तपासा.)

समुद्राजवळच्या घरांत, कोळव्यापासून मोरजीपर्यंत, खारी दमट हवा लॅन केबलच्या (आरजे-४५) टोकांवर हिरवट थर चढवते. केबल काढा, टोकावरचे आठ सोनेरी पट्टे उजेडात धरून पाहा. एखादा काळपट किंवा हिरवा असेल तर घासत बसू नका, टोक कापून नवं लावून घ्या. राउटरचं पोर्ट कापूस घालून पुसू नका, धागे आत अडकतात. वीज काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओला केलेला मऊ ब्रश फिरवा आणि अर्धा तास सुकू द्या.

फायबर: प्रकाशाचा आकडा

एलओएसचं लाल होणं पावसाशी जुळत असेल तर इथे थांबून नीट काम करायला हवं. अंदाज बांधण्याची इथे गरज नाही, आकडा मिळतो.

ओएनटीच्या पानावर लॉगिन करा. ऑप्टिकल किंवा पॉन माहिती नावाच्या ठिकाणी आरएक्स पॉवर, म्हणजे घरी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद लिहिलेली असते, डीबीएम या एककात, उणे चिन्हासह. घरगुती जीपॉन (घरोघरी फायबर वाटण्याची नेहमीची पद्धत) यंत्राला उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत प्रकाश लागतो. उणे १८ ते उणे २४ हे निर्धास्त. उणे २५च्या पुढे गेलात की कडेवर आहात, आणि उणे २७ ओलांडलं की एलओएस कधी लाल, कधी ठीक, असा खेळ सुरू होतो.

डीबीएमचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे: ३ने खाली म्हणजे प्रकाश निम्मा, १०ने खाली म्हणजे दहावा भाग. उणे २१वरून उणे २४ झालं तर ‘तीनच तर कमी झाले’ असं नाही, अर्धा प्रकाश वाटेत गळाला.

म्हणून कोरड्या दिवसाचा आकडा आज लिहून ठेवा आणि पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस चालू असताना, पुन्हा वाचा. दोन्ही सारखेच असतील तर फायबर निर्दोष. पावसात ३-४ने घसरतो आणि ऊन पडल्यावर सावरतो, तर वाटेतल्या एखाद्या जोडात पाणी जातं आहे. बहुधा खांबावरच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नसतं किंवा टेप सुटलेली असते. पावसात घसरला आणि परत आलाच नाही, तर वायर दबली आहे किंवा वाकली आहे: झावळ पडली, फांदी टेकली, खारीने कुरतडली.

घरातला भाग तुम्ही स्वतः पाहू शकता. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कुठे दुमडली आहे का, कपाटाखाली चेंगरली आहे का, खिळ्याभोवती घट्ट आवळली आहे का? जुन्या प्रकारच्या फायबरला साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण सहन होत नाही. काच तुटत नाही, पण वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. वळण सैल करा, दहा मिनिटांनी आकडा पुन्हा वाचा. एवढ्यानेच दोन-तीन डीबी परत मिळाल्याचं कितीतरी घरांत दिसतं.

वायर भिंतीतून जिथे आत येते तिथे बाहेरून नजर टाका. भोकात शिरण्याआधी वायर भोकाच्या पातळीखाली लोंबून मग वर आली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून वाहणारं पाणी खालच्या टोकाला ठिबकून जातं. वरून सरळ उतरून आत शिरत असेल तर पाणी वायरीच्या अंगाने थेट ओएनटीच्या मागे पोचतं. भोक सिलिकॉनने बुजवा, बाहेरच्या बाजूने.

इथे तुमचं काम संपलं. फायबरचं टोक काढू नका, फुंकर घालू नका, बोटाने पुसू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, म्हणून ‘पेटलाय का’ हे बघायला डोळा लावणं घातक आहे. हिरवं टोक तिरपं घासलेलं असतं, ८ अंशांच्या कोनात, आणि निळं सपाट. हिरवं निळ्यात बसतं, पण त्याने प्रकाश मोठ्या प्रमाणात वाया जातो. कुणी घाईत असं जोडून गेलं असेल तर रंग बघून तुम्हाला ते ओळखता येईल, आणि तंत्रज्ञाला दाखवता येईल.

चिऱ्याच्या भिंती आणि वायफाय

वायरने सगळं छान, वायफायवर तुटतं, आणि पावसाळ्यात जास्त. गोव्यातल्या जुन्या घरांत याचं कारण भिंतीत असतं. दीड-दोन फूट जाडीची चिऱ्याची भिंत मुळातच लहरी अडवते. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात माजघरापर्यंत पोचणारा सिग्नल जुलैत राजांगणाच्या (घरामधल्या उघड्या चौकाच्या) अलीकडेच संपतो. यात राउटर बिघडलेला नसतो. त्यात भर म्हणजे पावसाआधी व्हरांड्याला लावलेले पत्रे, जे लहरी सरळ परतवतात.

फोनवर वायफाय मोजणारं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि प्रत्येक खोलीत आकडा वाचा. हाही उणे डीबीएममध्येच असतो, पण मोजपट्टी वेगळी आहे. उणे ५० उत्तम. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७पेक्षा वाईट नको. उणे ७५ला पानं उघडतात पण कॉल तुटतात, उणे ८०च्या पुढे जोडणीच राहत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय जागा बदलणं. राउटर टीव्हीमागे, फ्रिजवर, लोखंडी कपाटाशेजारी, आरशामागे ठेवू नका. छातीएवढ्या उंचीवर, उघड्यावर, शक्य तर दाराच्या रेषेत ठेवा. जाड भिंतीच्या घरात लहरी भिंतीतून कमी आणि दारातून जास्त जातात. दोन-तीन मीटर सरकवल्याने १० डीबीचा फरक पडू शकतो. त्यासाठी फायबर ओढू नका. ओएनटी तिथेच राहू द्या आणि लांब केबल घालून फक्त राउटर हलवा.

मग चॅनल. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच: १, ६, ११. यांतलं सर्वांत मोकळं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली तर वेग वाढल्यासारखा वाटतो आणि शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. जेवण गरम करण्याच्या वेळीच तुटत असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. कांदोळी-कळंगुटच्या सोसायट्यांत मोसमात फ्लॅट भरले की शेजारची नेटवर्कं वाढतात, तेव्हा जूनमध्ये निवडलेलं चॅनल डिसेंबरात पुन्हा तपासा.

५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. त्यात ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारलाही जागा असते. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनल ताबडतोब सोडावं लागतं, आणि अशा कुठल्याही चॅनलवर जाण्याआधी किमान एक मिनिट फक्त ऐकत राहावं लागतं. दिवसातून एक-दोनदा फक्त ५ गिगाहर्ट्झचं नाव गायब होऊन मिनिटभराने परत येत असेल तर हेच चाललं आहे. चॅनल ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांत कायम करा.

एवढं करूनही आतली खोली कोरडीच राहिली तर दुसरं यंत्र लागेल. रिपीटर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. तो जो सिग्नल पकडतो तोच पुढे पाठवतो, एकाच रेडिओवर दोन्ही कामं केली की वेग निम्मा होतो, आणि जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथे बसवला तर त्याच्याकडे पुढे पाठवायला काहीच नसतं. आतल्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल ओढा आणि तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देण्यापुरता) लावा. मेश संच (एकाच नावाचं वायफाय घरभर देणारे अनेक डबे) घेतलात तरी त्याचे डबे शक्य तिथे केबलनेच जोडा. जुना राउटर लावताना त्याचं डीएचसीपी (जोडलेल्या फोनांना पत्ते वाटण्याचं काम) बंद झालं ना, ते पाहा. घरात दोन यंत्रं पत्ते वाटू लागली की काही फोन चालतात आणि काही ‘इंटरनेट नाही’ म्हणतात. ‘फक्त एकाच फोनवर त्रास’ या लक्षणामागे अनेकदा हेच असतं.

रात्रीची मंदी

नवा भाग येणार असलेली रात्र, क्रिकेटचा सामना, रविवारचा तियात्र (कोंकणी नाटक), सगळा वाडा एकाच वेळी बघतो. जीपॉनच्या एका धाग्यावर खाली येणारा एकूण वेग २.४८८ गिगाबिट असतो आणि तो त्या ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. पण दोष तिकडे ढकलण्याआधी घरातलं पाहा. सीसीटीव्हीचे कॅमेरे क्लाउडवर चढवत असतात, फोन घरी आल्या-आल्या दिवसभराचे फोटो पाठवू लागतात. चढवण्याची वाट भरली की राउटरमध्ये रांग लागते आणि उतरवणंही अडतं.

दुसऱ्या पिंगकडे बघत एखादी मोठी फाइल चढवा. २० मिलिसेकंदांचं पिंग ३०० झालं तर रांग घरातच आहे. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय) किंवा बँडविड्थ मर्यादा असेल तर दोन्ही दिशांना मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा, आणि फोटोंचा बॅकअप रात्री १२ नंतर लावा. घरातलं सगळं बंद ठेवून, वायरने जोडलेल्या एकाच लॅपटॉपवर सकाळी, दुपारी आणि रात्री वेग मोजलात आणि रात्रीचाच पडला, तर ते आकडे घेऊन कंपनीकडे जा.

ऑफिसच्या व्हीपीएनवर छोटे निरोप जातात पण मोठी फाइल किंवा कोडचा पुश लटकतो, असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा पाहा. पीपीपीओई या लॉगिनच्या पद्धतीमुळे १५००पैकी ८ बाइट खर्ची पडतात आणि १४९२ उरतात. तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइटचं पिंग जायला हवं (त्यावर २८ बाइटचे मथळे चढतात). ते गेलं नाही तर आकडा कमी करत जा, आणि व्हीपीएनचा एमटीयू १४०० किंवा त्याखाली ठेवून बघा.

फॅक्टरी रीसेटचं बारीक भोक मात्र दाबू नका. त्यात लॉगिनचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक पुसला जातो, आणि बिघाड होता तो होताच, वर कनेक्शनही पूर्ण बंद.

गडगडाट

मे महिन्यातले वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस वीज घेऊन येतात. गडगडाट जवळ आला की अडॅप्टर सॉकेटमधून काढा, स्विच बंद करणं पुरेसं नाही. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, पण खांबावरून येणाऱ्या वायरीत आधाराला पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून बांधलेली हवी, आत आणलेली नको. गच्चीवरून किंवा अंगणातून नेलेली तांब्याची लॅन केबल सर्वांत धोक्याची. एका कडाडण्यात दोन्ही टोकांची पोर्टं जातात. दोन इमारती जोडायच्या असतील तर फायबर टाका.

इथे थांबा, माणूस बोलवा

एलओएस स्थिर लाल आहे आणि घरातली वायर नीट आहे, तर कंपनीचा तंत्रज्ञ. प्रकाशाचा आकडा उणे २६च्या पलीकडे, किंवा पावसात ३ने घसरतो, तरीही तोच. खांबावर स्वतः चढू नका आणि वाड्यावरच्या ओळखीच्या पोरालाही चढवू नका, त्याच खांबावर विजेच्या तारा असतात. वायर तुटून अंगणात पडली असेल तर ती फायबरचीच आहे असं गृहीत धरून हात लावू नका. वर विजेच्या तारेला ती टेकलेली असू शकते. आधी वीज खात्याला कळवा.

राउटरच्या धातूला किंवा केबलच्या टोकाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तर घरचं अर्थिंग तपासायला परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागेल, नेटवाला नव्हे. ओल्या भिंतीवरचा स्विचबोर्ड धक्का देत असेल तर मेन बंद करून त्याची वाट पाहा.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. दिव्यांचा फोटो, कोरड्या आणि पावसाच्या वेळचा आरएक्स आकडा, वायरने केलेल्या पिंगच्या वेळा द्या. पहिल्या फोनवर ‘राउटर रीस्टार्ट करा’ असं सांगतील, तेव्हा केलं आहे म्हणून सांगा आणि आकडा वाचून दाखवा. तंत्रज्ञ आल्यावर त्याला खांबावरचा जोड नव्याने करायला आणि डबा बंद करायला सांगा. घरातलं टोक बदलून गेला आणि गळती खांबावर असली तर पुढच्या सरीला तेच होईल. तो निघण्याआधी ओएनटीच्या पानावर आकडा पुन्हा उघडा. दुरुस्तीनंतर तो तुमच्या कोरड्या दिवसाच्या आकड्यापासून १ डीबीच्या आत आला पाहिजे. आला नसेल तर तक्रार बंद करण्याचा ओटीपी देऊ नका. आला असेल तर तारीख आणि आकडा कागदावर लिहून ओएनटीच्या बाजूला चिकटवा.